एअर रायफलच्या स्टॉकवर रोटरी टूल: कुठं चालवायचं, कुठं अजिबात नाही?

खामला_१७७

नमस्कार मंडळी. .१७७ ची (४.५ मिमी बोअर) स्प्रिंग-पिस्टनची ब्रेक-बॅरल (नळी वाकवून उघडायची) एअर रायफल आहे, स्टॉक, म्हणजे लाकडी दस्ता, शिसमचा. हाती १३० वॅटचं रोटरी टूल आहे, फेरे मिनिटाला १०,००० ते ३३,०००. सोबत नेहमीचा डबा: सँडिंग ड्रम, कट-ऑफ चकत्या, फेल्ट, पितळी ब्रश, दोन-तीन दगड. कामं अशी आहेत:

१) पुढचे दोन स्क्रू ४०-५० छर्रे मारले की ढिले पडतात आणि ग्रुप (निशाण्यावरचा छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका) सरकतो.
२) पावसाळ्यानंतर ॲक्शन (रायफलचा लोखंडी भाग) स्टॉकमध्ये दाबून बसवावी लागून राहिली. उन्हाळ्यात तीच खडखडत होती.
३) स्क्रूंच्या खाचा मोडल्या आहेत, ट्रिगर गार्डवर गंज आहे.
४) ट्रिगर जड आणि खरखरीत आहे. फेल्टनं सिअर (पिस्टनला अडवून धरणारा ट्रिगरचा भाग) चमकवलं तर हलका होईल का?
५) घरी आजोबांच्या काळापासूनची परवान्याची १२ बोअर बंदूक आहे, तिचा दस्ता मनगटाजवळ चिरला आहे. तेही याच टूलनं होईल का?

कोणत्या कामाला कोणतं बिट आणि किती फेरे, ते सांगा.

पटाशी

भाऊ, १ आणि २ वर लिहितो. बाकीचं इतर सांगतीलच.

टूल हातात घेण्याआधी एक तपासणी करा. स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा आणि ५० छर्रे मारा. रेघ तुटली असेल तर स्क्रू फिरतो आहे. आटे ॲसिटोननं पुसून मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब टाकला की काम झालं. रेघ शाबूत आहे आणि तरी ढिलेपणा आला, तर डोक्याखालचं लाकूड दबून राहिलं आहे. स्प्रिंग रायफलला दोन झटके बसतात: पिस्टन पुढं झेपावतो तेव्हा रायफल मागं येते, आणि पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळला की ती पुढं ओढली जाते. दोन्ही वेळा भार पुढच्या स्क्रूंच्या डोक्याखालच्या चिंचोळ्या कड्यावर येतो. तुम्ही स्क्रू आवळता तसं ते कडं आणखी दबतं. म्हणून कितीही कसा, आठवड्यानं तेच.

स्टॉक काढताना रायफल रिकामी आणि कॉक न केलेली (स्प्रिंग न दाबलेली) हवी. नळी उघडून डोळ्यानं पाहा, मग बंद करा. पुढचे दोन स्क्रू आणि ट्रिगर गार्डचे एक किंवा दोन, एवढे काढले की ॲक्शन वर निघते. त्यापुढं काही खोलू नका. सिलिंडरच्या मागच्या टोकाला स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय ते टोक सोडलं तर ते छातीवर किंवा तोंडावर येतं. रायफल खोललेली असताना ट्रिगरशीही खेळू नका.

आता आवळ बसण्याचं. लाकूड रेषेला आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून ॲक्शनची खोबण पावसाळ्यात अरुंद होते आणि मे महिन्यात, पारा ४५ कडे आणि हवा कोरडी ठणठणीत असताना, रुंद. ऑगस्टमध्ये घट्ट वाटतं म्हणून लाकूड खाल्लं तर उन्हाळ्यात रायफल आणखी खडखडेल. हे काम दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत करा, आणि त्याआधी स्टॉक दोन-तीन आठवडे घरातच, कूलर आणि ओल्या भिंतीपासून लांब ठेवा.

कुठं लागतं ते शोधायला काजळ उत्तम. तेलात कालवलेल्या काजळाचा इतका पातळ थर ॲक्शनच्या खालच्या भागावर द्या की खालचं लोखंड दिसायला पाहिजे. ॲक्शन सरळ बसवा, स्क्रू बोटांनी लावा, मग पुन्हा सरळ वर उचला. लाकडावर जिथं काळा ठसा उमटला तिथंच स्पर्श आहे. थर जाड झाला तर सगळीकडे ठसे येतात आणि चुकीचं लाकूड जातं.

गोल खोबणीच्या बाजूंना ६.४ मिमीचा सँडिंग ड्रम, १२० ग्रिट, टूलच्या सगळ्यात कमी वेगावर. ठशावर एक-दोन सेकंद टेकवायचा आणि उचलायचा. पुन्हा काजळ, पुन्हा ठसा. पाच-सहा फेऱ्यांत होतं. ट्रिगर ब्लॉकच्या चौकोनी खाचेच्या कोपऱ्यात ड्रम पोचत नाही. तिथं ३.२ मिमी दांड्याचा सिलिंडर आकाराचा हायस्पीड कटर, १५,००० च्या आसपास. सपाट बाजू मात्र टूलनं करू नका, धारदार पटाशीनं करा. हातानं धरलेलं फिरतं बिट सपाट पृष्ठभागावर हमखास लाटा काढतं, आणि त्या लाटांच्या शेंड्यांवरच ॲक्शन टेकते.

स्क्रूंच्या आसपास जिथं ॲक्शन बसते त्या जागा अजिबात खाऊ नका. बाकी लांबीत दोन्ही बाजूंना व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट ठेवा. म्हणजे लाकूड फुगलं तरी ॲक्शनला चिमटा बसत नाही.

बिघाड कुठं होतो:

शिसम कडक आणि तेलकट आहे. ड्रम एका जागी थांबला की काळा डाग पडतो, वास येतो आणि ड्रमचे दाणे भरून जातात. भरलेला ड्रम घासत नाही, नुसता जाळतो. तो बदला. वेग वाढवून फायदा नाही.

कटर ज्या दिशेनं आपोआप पळू पाहतो त्याच्या उलट दिशेनं हात चालवा. त्याच्याच दिशेनं गेलात तर तो कडेवर चढतो आणि बाहेरच्या पॉलिशवर ओरखडा काढून थांबतो. म्हणून खोबणीच्या दोन्ही काठांवर मास्किंग टेपचे तीन थर लावून घ्या.

कॉलेटमध्ये (टूलच्या बिट धरणाऱ्या पकडीत) बिट पूर्ण आत घालून मग मिलिमीटरभर बाहेर ओढा आणि आवळा. दांडा जास्त बाहेर राहिला तर वाकतो, थरथरतो आणि कापाची रुंदी वाढते.

आता दबणाऱ्या लाकडाचा इलाज. पुढचे स्क्रू स्टॉकच्या बाजूंमधून तिरपे जातात आणि तिथं लाकूड जेमतेम ८-१० मिमी जाड असतं, तेव्हा नळकांडं बसवण्यापेक्षा पितळी कप वॉशर इपॉक्सीत बसवा. जुनी दबलेली बैठक गोल डोक्याच्या बरनं (छोट्या कापणाऱ्या बिटनं) अर्धा मिलिमीटर साफ करायची, तेवढंच रोटरीचं काम. मागच्या, ट्रिगर गार्डच्या स्क्रूला मात्र पिलर बसतो: बाहेरून १० मिमीची ॲल्युमिनियम किंवा पितळी नळी, आतून स्क्रूपेक्षा अर्धा ते एक मिमी मोठी. हे भोक रोटरीनं पाडायला जाऊ नका. त्याचा कॉलेट ३.२ मिमीचा, आणि सगळ्यात कमी वेगही १०,०००. त्या वेगावर १० मिमीचं बिट लाकूड जाळून टाकतं. साधं ड्रिल, लाकडाचं टोकदार बिट, हजाराच्या खालचे फेरे, आणि शक्य असेल तर स्टँड.

नळीची लांबी त्या जागच्या लाकडाच्या जाडीइतकीच पाहिजे. लांब झाली तर ॲक्शन अधांतरी राहते, आखूड झाली तर लाकूड पुन्हा दबतं. जराशी लांब कापून कानशीनं उतरवा. बाहेरच्या अंगावर कट-ऑफ चकतीनं आडवेतिडवे उथळ चरे मारा, इपॉक्सीला पकड मिळते.

इपॉक्सी सावकाश घट्ट होणारी घ्या. अराल्डाइट स्टँडर्ड असेल तर दोन्ही नळ्यांतून सारखी मात्रा. पाच मिनिटांत जमणारी नको. ती ॲक्शन सरळ करायच्या आत धरते आणि ताकदही कमी. स्क्रूच्या आट्यांवर आणि ॲक्शनच्या खालच्या भागावर मेणाचे दोन हात द्या, भोकं मुलांच्या खेळायच्या मातीनं बुजवा. हे विसरलात तर रायफल आणि स्टॉक कायमचे एक होतील. स्क्रू बोटांनी लागतील एवढेच लावा. २४ तास हात लावू नका. डिसेंबरात रात्री पारा १०-१२ वर उतरतो तेव्हा ४८ तास. उन्हाळ्यात उलट: कालवलेली इपॉक्सी पटकन तापते, तेव्हा एकावेळी बोटाच्या पेराएवढीच कालवा.

लोहाओळी

पटाशी भाऊंनी लाकडाचं नीट सांगितलं. मी लोखंडाचं सांगतो.

खाचा. आधी विचार करा की जुना स्क्रू वाचवायचा कशाला. नागपुरात इतवारीत लोहा ओळीला उच्च ताकदीचे ॲलन स्क्रू सुटे मिळतात. जुना स्क्रू सोबत न्या आणि थ्रेड गेजनं आटे मोजून घ्या: एम ५ ला पिच ०.८ आणि एम ६ ला १.० मिमी. जुन्या इंग्रजी धाटणीच्या रायफलींचे आटे मेट्रिक नसतात. तिथं एम ५ जबरदस्तीनं फिरवला तर ॲक्शनचे आटे मरतात, आणि ते नुकसान स्क्रूच्या किमतीच्या कितीतरी पट. लांबीही तंतोतंत तीच ठेवा, लांब स्क्रू आत जाऊन हलत्या भागाला लागू शकतो.

जुनाच ठेवायचा असेल तर स्क्रू काढून, व्हाइसच्या जबड्यात ॲल्युमिनियमचे तुकडे घालून पकडा. खाचेपेक्षा किंचित पातळ चकती लावा. इथं बहुतेकांची एक चूक होते: चकती डोक्यावर एका जागी उभी दाबतात. २४ मिमीच्या चकतीनं ८ मिमीच्या डोक्यावर असा चर पाडला तर तो मध्ये खोल आणि कडांना ०.७ मिमी उथळ येतो. स्क्रूड्रायव्हरची पाती दोन्ही कडांच्या उंचवट्यांवर अडकते, तळाला बसत नाही, आणि पहिल्याच कसण्याला खाच पुन्हा मोडते. चकती एका कडेकडून शिरून दुसऱ्या कडेनं पूर्ण बाहेर पडली पाहिजे. मग सुई कानशीनं तळ सपाट करा. चकतीला बाजूनं रेटा दिला की ती फुटते आणि तुकडे तिच्या फिरण्याच्या रेषेत उडतात. नवी चकती लावल्यावर मिनिटभर रिकामी फिरवा, त्या रेषेत स्वतः उभे राहू नका, गॉगल नव्हे तर पूर्ण तोंडाची ढाल लावा.

गंज. पितळी ब्रश, तेल लावून, आणि वेग १५,००० च्या वर कधीच नाही. त्यापुढं तारा सुटून सुईसारख्या उडतात. स्टीलचा ब्रश ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) खरवडून नेतो. खरं तर हलक्या गंजाला टूलच नको: तेल आणि ०००० नंबरची स्टील वूल, हातानं. ब्लूइंग जिथं गेलंच आहे तिथं तेलाचा मागमूसही न ठेवता साफ करून कोल्ड ब्लू (न तापवता लावायचं ब्लूइंगचं द्रावण) लावा, मग पुन्हा तेल.

ट्रिगर. इथं टूल लावायचंच नाही. सिअर आणि पिस्टनची खाच या दोन चिमुकल्या कडांवर दाबलेली स्प्रिंग अडून असते. या भागांना बहुतेक वेळा वरवरच कडक केलेलं असतं आणि आतलं लोखंड मऊ असतं. फेल्ट मऊ आहे, ती सपाट पृष्ठभागासोबत कडाही गोल करते. डोळ्याला आरसा दिसतो, पण कोन बदललेला असतो. आज पकडतो म्हणून वाटतं जमलं. पुढं मऊ लोखंड झिजतं आणि नळी उघडी असतानाच सिअर सुटतो. तेव्हा नळी झटक्यानं वर येते. छर्रा भरणारी बोटं त्याच वेळी नेमकी तिथं असतात. मोडलेल्या बोटांखेरीज वाकलेली नळी वेगळीच.

ट्रिगर जड असेल तर रायफलसोबतच्या पुस्तिकेत जो समायोजनाचा स्क्रू सांगितला असेल तो सांगितलेल्या मर्यादेत फिरवा. खरखर बऱ्याचदा पिनांवरच्या वाळलेल्या ग्रीसची असते. बाहेरून पोचेल तिथं साफ करून मॉलिब्डेनम ग्रीस टाचणीच्या टोकाएवढं लावा. त्यानं भागलं नाही तर उत्पादकाच्या सर्व्हिसकडे. नळीचं तोंड आणि ब्रीचच्या (नळीच्या मागच्या टोकाच्या) सीलची बैठक यांनाही टूल लावू नका. क्राउनचा (नळीच्या तोंडाच्या कडेचा) एक चरा पुरेसा आहे, छर्रा बाहेर पडताना हवा एका बाजूनं निसटते आणि ग्रुप कायमचा फाकतो.

कलम_पाच

१२ बोअरचं उत्तर स्पष्ट आहे: घरी काहीच करू नका.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ खाली बंदूक बनवणं, विकणं याच्यासोबत तिचं रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी यालाही वेगळा परवाना लागतो. तुमच्या घरचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. कलम ६ मध्ये नळी आखूड करणं आणि नकली बंदुकीची खरी करणं येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे.

कायद्याखेरीज कारागिरीचाही मुद्दा आहे. मनगट म्हणजे दस्त्याचा सगळ्यात बारीक भाग, आणि लाकडाची रेषा तिथं तिरपी गेली असेल तर प्रत्येक बाराला चीर लांबत जाते. वरून इपॉक्सी भरली की ती दिसत नाही एवढंच. चिरलेल्या दस्त्यानं बार काढू नका. परवानाधारकानं स्वतः, बंदूक रिकामी करून आणि परवाना सोबत ठेवून, दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे न्यावी. त्याच्याकडून तारीख आणि बंदुकीचा नंबर लिहिलेली पावती घ्या. काही शंका असेल तर नागपूर शहरात परवान्याचा विषय पोलीस आयुक्तालयाकडे आहे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

एअर रायफलला ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेला परवाना लागत नाही. स्टॉक, स्क्रू, पॉलिश यानं त्यात फरक पडत नाही. मात्र जास्त ताकदीची स्प्रिंग टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८३ मीटरनं निघाला की २० ज्यूल होतात. त्या दिशेला जाऊ नका.

खामला_१७७

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रिगर आणि १२ बोअरचा विषय बंद, दस्ता उद्याच परवाना असलेल्या दुकानी जाईल.

दोन गोष्टी राहिल्या. खोबणीचं कच्चं लाकूड उघडं पडेल, त्याला काय लावू? आणि बाहेरचं लॅकर उतरवून तेलाचं फिनिश द्यायचं आहे, ते रोटरीच्या ड्रमनं काढलं तर चालेल का?

जवस

बाहेरच्या अंगाला ड्रम लावू नका दादा. १३ मिमीचा ड्रम म्हणजे बोटाएवढी रुंदी, मोठ्या वळणावर तो खड्ड्यांची रांग पाडतो. कोरड्या लाकडावर ते दिसत नाहीत, तेल लागलं आणि तिरपा उजेड पडला की प्रत्येक खड्डा उठून दिसतो. लॅकर पेंट रिमूव्हरनं मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीनं काढा, मग रबरी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून १८०, २४०, ३२० असं रेषेच्या दिशेनं. ३२० नंतर ओल्या फडक्यानं पुसा, उभे झालेले तंतू वाळू द्या आणि ४०० नं हलकेच काढा. ही पायरी गाळली तर पहिल्या ओल्या हातालाच स्टॉक खरबरीत होतो.

रोटरी इथं एकाच जागी उपयोगी: पिस्तुल ग्रिपमागचा खोलगट भाग आणि गालाच्या उंचवट्याखालची कड. तिथंही ड्रम नको, बारीक फ्लॅप व्हील (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांचं चाक), सगळ्यात कमी वेग.

शिसमची धूळ फार बारीक उडते आणि बऱ्याच जणांना तिनं अंगावर खाज, शिंका, दमा होतो. एन-९५ मास्क, पूर्ण बाह्या, काम अंगणात. कूलरसमोर बसून तर मुळीच नाही.

तेल आपल्याकडचं जवसाचंच. मात्र घाणीवरचं कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं आणि पावसाळ्यात चिकटच राहतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल घ्या, त्यात वाळवणारे क्षार असतात. पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. १५-२० मिनिटांनी जे प्यायलं नाही ते सगळं पुसून काढा. वर राहिलेला थर वाळत नाही, त्याचा डिंक होतो. पुढचे हात नुसत्या तेलाचे, पातळ, दोन हातांच्या मध्ये पूर्ण दिवस जाऊ द्या. पाच-सहा हात पुरे.

खोबणीच्या आत मात्र तेल नको, तिथं चपड्या लाखेचं स्पिरिटमधलं पॉलिश दोन पातळ हात द्या. तुमचा स्टॉक पावसाळ्यात फुगण्याचं मूळ कारण बहुधा तिथंच आहे: बाहेर लॅकर आणि आत कोरं लाकूड, म्हणजे ओल एकाच बाजूनं शिरते. रिकॉइल पॅड काढून बटाच्या मागच्या टोकालाही तीन-चार हात द्या. तिथं लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि पाणी सगळ्यात जास्त तिथूनच जातं.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल वाळताना स्वतः तापतं, आणि चुरगळलेल्या फडक्यात ती उष्णता अडकली की आपोआप पेट घेते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. एकेक फडकं उघडं करून दोरीवर बाहेर वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा.

पटाशी

जवस यांच्या क्रमात एकच बदल: इपॉक्सीचं काम लाख आणि तेल लावायच्या आधी उरकून घ्या. तेल प्यायलेल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही. शिसमही मुळात तेलकट, म्हणून कप वॉशरची बैठक चिकटवण्याआधी ॲसिटोनच्या कापसानं पुसा आणि १५ मिनिटांच्या आत इपॉक्सी लावा.

सगळं जोडल्यावर स्क्रू एकदम पूर्ण कसू नका. तिन्ही अर्धे, मग पुढचे दोन आलटूनपालटून, शेवटी मागचा. पुन्हा नेलपॉलिशची रेघ. १०० छर्र्यांनंतर पाहा आणि पुढच्या जुलैत एकदा.